तेका खावक काय घालतंस?

आमच्या माहीमच्या घरात हॉलच्या खिडकीपासून चार फुटांवर एक दोन फुटी टँक आहे, खाऱ्या पाण्याचा. पाहुणे आले की आधी मासे शोधतात, आणि मासा त्यात एकच, हॅचरीत जन्मलेला क्लाउन, तोही बहुतेक वेळ दगडाआड. बाकी जे हिरवं, लाल, चॉकलेटी डुलताना दिसतं ते सगळं शेवाळ. समुद्री शेवाळ, हॉबीवाले त्याला मॅक्रोअल्गी म्हणतात, म्हणजे डोळ्यांना दिसेल, हातात धरता येईल एवढं मोठं. "हे साफ नाही का करत तुम्ही?" हा प्रश्न ठरलेला. आपल्याकडे शेवाळ म्हटलं की पावसाळ्यातली गच्ची, घसरून मोडलेला हात आणि ब्लीचिंग पावडर हेच आठवतं, त्यात त्यांची काही चूक नाही. मला मात्र गेली काही वर्षं सकाळी उठल्यावर चहाच्या आधी जे बघायचं असतं ते म्हणजे या शेवाळाची टोकं. टोकाचा रंग कसा आहे त्यावरून आदल्या आठवड्यात मी काय केलंय ते सगळं कळतं.

हे सुरू कसं झालं ते सांगते. २०१८च्या दिवाळीनंतर मला खाऱ्या पाण्याचा टँक लावायचाच होता आणि सगळ्यांना असतं तसं मलाही प्रवाळाचं वेड होतं. पण आपल्याकडे रीफ बांधणारी दगडी प्रवाळं २००१पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या शेड्यूलमध्ये आहेत, वाघ ज्या यादीत आहे त्याच यादीत, आणि ती आपल्या समुद्रातून काढणं, विकणं, घरात ठेवणं बेकायदा आहे. बरेच जण याकडे काणाडोळा करतात. मला ते जमलं नसतं. पुढे कोस्टल रोडच्या कामात हाजीअली आणि वरळीच्या खडकांवरची प्रवाळं उचलून दुसरीकडे नेऊन लावावी लागली, तेव्हा कित्येक मुंबईकरांना पहिल्यांदा कळलं की आपल्या या गढूळ पाण्यातसुद्धा प्रवाळ आहे. ज्या समुद्राच्या काठाला आपण राहतो त्याच्याकडून अजून एक गोष्ट ओरबाडून घरात सजवायची हे मनाला पटेना. मग एका हॉबीतल्या मित्राने सुचवलं, शेवाळ ठेव. माटुंगा रोड स्टेशनच्या ब्रिजवर त्याने मला पाण्याने भरलेल्या तीन पिशव्या दिल्या, एकात लाल ग्रासिलेरिया, एकात हिरवी कॉलर्पा, तिसरीत नायलॉनच्या दोऱ्याचा गुंता वाटावा तशी कीटोमॉर्फा. गर्दीची वेळ होती आणि मी त्या पिशव्या ओढणीखाली छातीशी धरून घरी आणल्या.

आता माझी चूक. मी सगळं वाचून-बघून केलं होतं, पण जे वाचलं ते सगळं प्रवाळाच्या टँकचं. तिथे एकच मंत्र, पाणी जितकं निर्मळ तितकं चांगलं. नायट्रेट शून्य, फॉस्फेट शून्य. त्यामुळे मी आरओ-डीआयचं, म्हणजे गाळून क्षार काढून टाकलेलं पाणी वापरलं (हे बरोबरच, नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं), लिटरला साधारण ३७-३८ ग्रॅम हिशोबाने मीठ मिसळून रात्रभर पंप लावून ठेवलं, खारटपणा हजारात ३५ आणला, इथपर्यंत ठीक. पण वर एक स्किमर लावला (फेसाबरोबर पाण्यातली घाण बाहेर काढणारं यंत्र), फॉस्फेट शोषणारी लोखंडाची तपकिरी मीडिया लावली, दर आठवड्याला पाणी बदललं, आणि माशाला दिवसाआड चिमूटभर खाणं. दुकानदारानेही हेच सांगितलं होतं, कमी खायला घाला मॅडम, पाणी खराब होतं. टेस्ट किटची बाटली पांढऱ्या कार्डावर धरायची आणि पाणी अगदी रंगहीन दिसलं की मला केवढं समाधान वाटायचं! त्या रंगहीन बाटलीचे फोटो आहेत अजून माझ्या फोनमध्ये.

पहिला महिना-दीड महिना सगळं छान होतं. शेवाळ सोबत आणलेल्या शिदोरीवर जगत होतं हे तेव्हा कळलं नाही. मग जानेवारीत ग्रासिलेरिया फिकट व्हायला लागली. गडद लाल रंग होता तो आधी विटकरी झाला, मग नारिंगी, मग जुन्या वर्तमानपत्रासारखा पिवळट. कीटोमॉर्फा ठिसूळ झाली, बोटात धरली की तुटायची. मी लाइट वाढवला, अजून वाईट झालं. मी अजून पाणी बदललं. वाळूवर तपकिरी बुळबुळीत थर आला, त्यात हवेचे बुडबुडे अडकलेले, तो डायनोफ्लॅजेलेट्स नावाच्या सूक्ष्म एकपेशी जीवांचा असतो आणि पोषण शून्यावर गेलेल्या टँकमध्ये तो हमखास पसरतो हे मला खूप नंतर कळलं. मला वाटलं घाण झाली, म्हणून आणखी साफसफाई.

आई आमच्याकडेच राहते. ती मूळची मालवणची, बाबा गेल्यावर माहीमला आली, पण बोलते अजून मालवणीतच आणि तिच्या हाताला झाडं लागतात, खिडकीच्या ग्रिलमध्ये कढीपत्ता, ओवा, अळू, सगळं. टँककडे ती फारशी बघायची नाही. त्या दिवशी मी मान खाली घालून बादली उपसत होते आणि ती मागे उभी राहून बराच वेळ बघत होती. मग म्हणाली, "अगो, तेका खावक काय घालतंस?"

मी म्हटलं, आई, ते शेवाळ आहे, त्याला खायला नाही लागत, लाइट आहे ना.

ती म्हणाली, "मगे पिवळा कित्याक पडला? पाना पिवळी पडली म्हणजे उपाशी आसा."

मला राग आला होता, खरंच सांगते. चार महिने मी रात्री जागून वाचत होते आणि हिने दोन मिनिटांत निदान केलं. पण रात्री झोप येईना. मी उठले, टेस्ट केली, नायट्रेट शून्य, फॉस्फेट शून्य, नेहमीसारखंच. आणि पहिल्यांदा मला तो रिकाम्या डब्याचा शून्य वाटला.

आता जे पुढे शिकले ते थोडं सविस्तर सांगते, कारण इथेच सगळी गोम आहे. समुद्री शेवाळाला मूळ नसतं. दगडाला धरून राहायला खाली एक पकड असते, तिला मुळासारखं काही शोषता येत नाही, तिचं काम फक्त धरून ठेवण्याचं. (कॉलर्पाला मुळांसारखे धागे असतात आणि ते वाळूतून थोडंफार घेतात, पण ती गोष्ट वेगळी.) बाकी सगळं शेवाळ अंगभर जेवतं, पान म्हणा, फांदी म्हणा, जो भाग पाण्यात आहे तो प्रत्येक भाग तोंड आहे. म्हणजे जमिनीतल्या झाडासारखं कुंडीत खत टाकून चालत नाही, जे द्यायचं ते पाण्यातच असायला हवं, आणि ते पाणी त्याच्या अंगावरून वाहतं असायला हवं. पाणी स्थिर असलं की पानाला चिकटून एक पातळ थर तयार होतो, त्यातलं पोषण शेवाळ खाऊन टाकतं आणि मग पलीकडे भरपूर असूनही ते उपाशी. म्हणून फ्लो महत्त्वाचा. कीटोमॉर्फाचा गोळा तर सतत गोल फिरता राहिला पाहिजे, नाहीतर आतला भाग अंधारात सडतो.

आणि ग्रासिलेरियाचा तो लाल रंग. हे वाचलं तेव्हा मी फोन खाली ठेवून टँकसमोर जाऊन बसले होते. तो रंग फायकोएरिथ्रिन नावाच्या द्रव्याचा असतो, ते प्रोटीन आहे, त्यात नायट्रोजन भरलेला असतो, उजेड पकडायचं काम तर ते करतंच पण अडीनडीला शेवाळ तोच नायट्रोजन मोडून खातं. म्हणजे माझ्या टँकमध्ये दीड महिना ते स्वतःचा रंग खाऊन जगत होतं. आणि मी समोर बसून निर्मळ पाण्याचे फोटो काढत होते.

समुद्रातल्या तरंगत्या सूक्ष्म जीवांमध्ये कार्बन, नायट्रोजन आणि फॉस्फरसचं प्रमाण १०६:१६:१ असतं, हा रेडफिल्ड या समुद्रशास्त्रज्ञाचा आकडा बऱ्याच जणांना माहीत असतो. पण तळाला धरून वाढणाऱ्या मोठ्या शेवाळाचा हिशोब वेगळा. अ‍ॅटकिन्सन आणि स्मिथ या दोघांनी १९८३मध्ये ठिकठिकाणचे नमुने तपासून मधला आकडा काढला तो ५५०:३०:१. सांगाडा बांधायला कार्बन खूप, आणि फॉस्फरसच्या एका भागामागे नायट्रोजन तीस भाग. एक मासा, तोही दिवसाआड जेवणारा, त्याच्या विष्ठेतून हे कुठून येणार होतं?

मग नायट्रेट द्यायचं ठरलं, पण ते आणायचं कुठून? हॉबीसाठी बाहेरून येणाऱ्या बाटल्यांच्या किमती बघून मी गप्प बसले. आणि इथे माझ्या मदतीला आलं निफाड. माझे दीर तिथे द्राक्षं करतात. लग्नाला आले होते, जेवताना मी सहज म्हटलं की मला पोटॅशियम नायट्रेट पाहिजे, तर ते म्हणाले, "वहिनी, तेरा-शून्य-पंचेचाळीस म्हणा ना, शेडमध्ये पोतं पडलंय." ज्यांच्या घरी द्राक्षं-डाळिंबं आहेत त्यांना हे सांगायला नको, १३-०-४५ म्हणजेच पोटॅशियम नायट्रेट आणि ०-५२-३४ म्हणजे मोनोपोटॅशियम फॉस्फेट, दोन्ही पाण्यात पूर्ण विरघळणारी, ड्रिपमधून देतात नाहीतर फवारतात. जुनी माणसं ज्याला सोरा म्हणायची तोच हा पहिला. पुढच्या खेपेला त्यांनी दोन पुड्या पाठवल्या, एकावर स्केचपेनने लिहिलं होतं "मासे", दुसरीवर "मासे २".

माझ्या टँकमध्ये दगड-वाळू वजा जाता ६० लिटर पाणी बसतं. ज्यांना करून बघायचंय त्यांच्यासाठी माझा हिशोब असा. १० ग्रॅम पोटॅशियम नायट्रेट एक लिटर आरओ पाण्यात विरघळवायचं. त्यातलं १० मिली म्हणजे १०० मिलिग्रॅम, आणि तेवढ्याने ६० लिटरमधलं नायट्रेट साधारण १ पीपीएमने (म्हणजे लिटरला १ मिलिग्रॅम) वाढतं. फॉस्फेट फार म्हणजे फारच थोडं लागतं, ०-५२-३४ची १ ग्रॅम पावडर एक लिटरमध्ये, त्यातलं ४ मिली टाकलं की ०.०५ पीपीएमच्या आसपास वाढतं. मी नायट्रेट ५ ते १० आणि फॉस्फेट ०.०५ ते ०.१ यात ठेवायचा प्रयत्न करते. सुई काढलेल्या इंजेक्शनच्या सिरिंजने टाकते, पंपाच्या झोतात, लाइट लागल्यावर. घाई करायची नाही. एकदम ओतलं तर केसाळ हिरवं शेवाळ आधी माजतं आणि मग आपल्याला हवं असलेलं त्याच्याखाली गुदमरतं. आणि एक लक्षात ठेवायचं की टेस्ट तुम्हाला फक्त ताटात उरलेलं दाखवते, जेवलेलं किती ते दाखवत नाही. रोज घालूनही शून्य येत असेल तर याचा अर्थ पुरत नाहीये. स्किमर मी त्याच आठवड्यात काढला, फॉस्फेटची मीडियासुद्धा.

पाचव्या दिवशी काही नाही. आठव्या की नवव्या दिवशी सकाळी मला वाटलं की एका फांदीच्या टोकाला गुलाबी झाक आहे, पण मला तसं हवं होतं म्हणून दिसत असेल असं वाटून मी आईला हाक मारली. ती चष्मा लावून काचेला नाक टेकवून बघत बसली. "येताहा," म्हणाली, "हळूहळू येताहा."

लोखंडाचं पण तसंच. हिरव्या शेवाळाचे नवे कोंब पांढरट यायला लागले तर मी लोह आणि बाकी सूक्ष्म द्रव्यं थेंबाने देते, पण त्याची घरगुती टेस्ट भरवशाची नसते, म्हणून हात आखडूनच. हॅलिमेडा नावाच्या हिरव्या शेवाळाची भूक अजून वेगळी. तिचं अंग म्हणजे एकाला एक जोडलेल्या चपट्या चकत्या, निवडुंगासारख्या, आणि त्या चुनखडीने भरलेल्या. तिला कॅल्शियम ४२० पीपीएमच्या आसपास आणि अल्कलिनिटी, म्हणजे पाण्यातलं कार्बोनेट-बायकार्बोनेट, ८-९ डीकेएच (ते मोजायचं एकक) लागते. अल्कलिनिटी घसरली की मी खायचा सोडाच वापरते, स्वयंपाकघरातला, ६० लिटरला १ डीकेएच वाढवायला पावणेदोन-दोन ग्रॅम, पाण्यात विरघळवून हळूहळू. हॅलिमेडाची एक गंमत मात्र सांगायलाच हवी. तिची नवी चकती रात्री फुटते, आणि फुटते ती पांढरी. मग पहाटेच्या आत खालच्या चकत्यांमधली हरितद्रव्याच्या कणिका वर सरकतात आणि उजाडेपर्यंत ती हिरवी झालेली असते. एकदा मला ऑफिसच्या कामामुळे पहाटे तीनला उठावं लागलं होतं, मोबाईलचा मंद उजेड टाकला तर टोकाला तांदळाच्या दाण्याएवढी पांढरी चकती. सकाळी सातला बघितलं तर हिरवी. त्या दिवशी ऑफिसमध्ये मी हे तिघांना सांगितलं.

मुंबईत खरा त्रास उन्हाळ्याचा. मे महिन्यात पाणी ३१ला जातं आणि ते २६-२७ला आणायचं तर चिलर हवा, तो आवाज करतो, गरम हवा हॉलमध्येच सोडतो आणि बिल वेगळंच. मी दोन छोटे पंखे पाण्यावर लावते, बाष्पीभवनाने दोन-तीन डिग्री उतरतात. पण मग रोज लिटरभर पाणी उडतं, आणि उडतं ते फक्त पाणी, मीठ मागे राहतं. ६० लिटरमधलं एक लिटर गेलं तर खारटपणा ३५वरून ३५.६वर, तीन दिवस दुर्लक्ष केलं तर ३७च्या जवळ. म्हणून रोज सकाळी काचेवरच्या मार्करच्या रेघेपर्यंत साधं आरओ पाणी, खारं अजिबात नाही. नवीन लोक इथेच चुकतात, पातळी उतरली की खारं पाणी घालतात. पावसाळ्यात हवेतच इतका दमटपणा असतो की पंख्याचा उपयोग कमी होतो, पण तेव्हा मुळात गरमी कमी. ऑक्टोबर मात्र दुसरा मेच.

ऑक्टोबरवरून आठवलं, १२ ऑक्टोबर २०२०, सकाळी दहाच्या सुमारास अख्ख्या मुंबईची लाइट गेली होती. लोकल बंद, सगळं बंद. कोविडमुळे मी घरीच होते. पंप थांबला आणि घरातला तो सततचा हलका आवाज बंद झाल्यावर मला आधी कळेचना काय बिघडलंय. उजेड असेपर्यंत शेवाळ स्वतःच ऑक्सिजन सोडतं, खिडकीतून ऊन येत होतं, पानांवर बारीक बुडबुडे दिसत होते, तेवढ्यावर मी धीर धरला. पण अंधारात तेच शेवाळ माशासारखाच ऑक्सिजन घेतं, आणि टँक शेवाळाने गच्च भरलेला असेल तर रात्री मासा त्यात गुदमरू शकतो. मी आणि आई आळीपाळीने तांब्याने पाणी उचलून वरून धार सोडत होतो. आमच्याकडे दुपारी लाइट आली. दुसऱ्या आठवड्यात मी बॅटरीवरचा एअर पंप आणला.

कॉलर्पाची गोष्ट मला अजूनही थोडी बोचते. कॉलर्पा हा विलक्षण प्रकार आहे. फूटभर वाढलेली, पानं, देठ, धागे सगळं असलेली ती अख्खी वेल म्हणजे एकच पेशी असते, आत भिंतीच नाहीत, असंख्य केंद्रकं एकाच रसात वाहत असतात. कापली की जखम काही मिनिटांत स्वतःच बुजवते. मी तिच्यावर फार खूश होते, महिनोन् महिने छाटलीच नाही, किती सुंदर पसरलीय म्हणून. एका संध्याकाळी तिच्या पानांवर हिरव्या-पांढऱ्या नक्षीसारखं काहीतरी उमटलेलं दिसलं. मला ते छान वाटलं. सकाळी उठले तर टँकमध्ये हिरवट दूध, हातभर पलीकडचं दिसेना. दुपारपर्यंत पाणी निवळत गेलं आणि वेलीच्या जागी काचेसारखं पारदर्शक पोकळ टरफल उभं होतं. तिने आपलं सगळं अंग बीजात बदलून पाण्यात सोडून दिलं होतं, स्वतःसाठी काही मागे ठेवलं नाही. केनेथ क्लिफ्टन या संशोधकाने पनामाच्या रीफवर हेच पाहिलं आणि १९९७मध्ये छापलं होतं, वेगवेगळ्या जातींची हिरवी शेवाळं पहाटे, प्रत्येक जात आपल्या ठरलेल्या वेळेला, अशी एकत्र बीज सोडतात. मी तेव्हा अर्धं पाणी बदललं, हवा लावली, मासा वाचला. आता मी कॉलर्पा दर पंधरवड्याला काढते, मध्येच कापण्यापेक्षा अख्खी धावती फांदी खालच्या धाग्यांसकट उचलते. हॉबीतले जुने लोक म्हणतात की नियमित छाटली आणि लाइट-खाणं एकसारखं ठेवलं तर ती सहसा असं करत नाही. माझ्याकडे तरी त्यानंतर झालेलं नाही.

छाटणीचं बोलतेय तर एक गोष्ट कळकळीने सांगते. काढलेलं शेवाळ समुद्रात टाकायचं नाही, गटारातही नाही. "समुद्राचंच तर आहे" असं वाटतं. पण १९८४मध्ये मोनॅकोजवळ समुद्रात मत्स्यालयातल्या कॉलर्पा टॅक्सिफोलियाचा एक छोटासा तुकडा वाढताना दिसला आणि पुढे त्या जातीने भूमध्य समुद्राच्या तळाचे हजारो हेक्टर व्यापले. कॅलिफोर्नियात २०००मध्ये तीच सापडली तेव्हा ताडपत्र्या अंथरून खाली क्लोरीन सोडावं लागलं, आणि सहा वर्षांनी ती संपली असं जाहीर झालं. तुकड्यातून अख्खी वेल उभी राहते म्हटल्यावर दुसरं काय होणार? माझ्याकडचं जास्तीचं शेवाळ मी दोनदा गोड्या पाण्यात धुऊन खिडकीत कडक वाळवते आणि मग ते आईच्या कढीपत्त्याला जातं. कढीपत्ता छान आलाय.

मी किनाऱ्यावरून घरी काही आणत नाही, पण बघायला जाते. पावसाळा सरला की नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत आपल्या खडकांवर शेवाळाचा सीझन असतो. बाबा तिथीवरून भरती काढायचे, तिथीची पाऊणपट. अष्टमीला आठची पाऊणपट सहा, म्हणजे सहाच्या सुमारास भरती, आणि तेव्हा भांगाचं पाणी, म्हणजे भरती-ओहोटीतला फरक कमी, फार आतही जात नाही. पौर्णिमेला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा, तिथून सहा तास मागे किंवा पुढे गेलं की ओहोटी, आणि उधाणाचे दिवस असल्याने पाणी लांबवर आत जातं, एरवी कधीच न दिसणारे खडक उघडे पडतात. मी पौर्णिमा-अमावास्येच्या पहाटे वांद्र्याला जाते. अल्वा, म्हणजे कोशिंबिरीच्या पानासारखं पातळ हिरवं शेवाळ, दगडावर पसरलेलं असतं. खळग्यांत पॅडिना, मोराच्या पिसाऱ्यासारखी, कडेला चुन्याच्या पांढऱ्या रेघा. बोर्गेसेन नावाचे डॅनिश शास्त्रज्ञ १९२०च्या दशकाच्या शेवटी भारतात आले होते आणि १९३५मध्ये त्यांनी मुंबईच्या समुद्री शेवाळांची यादी छापली. जिथे आज सेल्फी काढतात त्याच किनाऱ्यांवरून कोणीतरी इतक्या प्रेमाने एकेक पान गोळा करून नाव लिहून ठेवलं, या विचाराने मला दर वेळी भरून येतं.

आणि तिथेच एक गोष्ट दिसते जी बघून मी बराच वेळ तिथे उभी राहते. जिथे नाला समुद्राला मिळतो तिथे अल्वा सगळ्यात जास्त, जाड, चकचकीत हिरवी, आणि तिच्याखेरीज दुसरं काहीच नाही. शहराच्या सांडपाण्यात नायट्रोजन-फॉस्फरस इतका असतो की जे सगळ्यात अधाशी ते सगळी जागा खातं, लाल, तपकिरी, नाजूक सगळी मागे हटतात. घरी माझं शेवाळ भुकेने पिवळं पडलं होतं आणि इथे माझ्याच घरातून गेलेल्या पाण्याने समुद्राला अजीर्ण झालंय.

मागच्या आठवड्यात मी तीन दिवस पुण्याला होते. जाताना आईला सिरिंज भरून दाखवली, १० मिलीची रेघ लाल नेलपॉलिशने रंगवून ठेवली, फॉस्फेटची बाटली मुद्दाम वर ठेवली की चुकून घोळ नको. वर्षभरात कीटोमॉर्फाचे आणि ग्रासिलेरियाचे किती तुकडे मी दह्याच्या डब्यांतून लोकांना दिलेत, प्रत्येकाला हा हिशोब लिहून देते, पण आईला लिहून नाही दिला, ती आपल्या डोळ्यांनी ठरवते. दुसऱ्या दिवशी सकाळी मीटिंगमध्ये फोन वाजला. आईने टँकचा फोटो पाठवला होता, हललेला, काचेत तिचंच गाऊनचं प्रतिबिंब, आणि खाली व्हॉइस मेसेज. मी बाहेर जाऊन ऐकला.

"दहा घातलंय. टोका लाल आसत. हिरव्याक मात्र भूक जास्त दिसता, उद्या बारा घालू काय?"